श्पेकलेबुवांचे अंगणातले पाहुणे

आमच्या हुमलिंगन गावात नवा पंथ आला तेव्हा बरंच काही गेलं. चर्चमधल्या संतांच्या मूर्ती गेल्या, मेणबत्त्या गेल्या, उपासाचे निम्मे दिवस गेले. मठ बंद झाला आणि मठातले साधू कुठे कुठे पांगले. त्यातले एक मात्र कुठेच गेले नाहीत. मठाच्या दारातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या घरात पाद्री म्हणून राहायला आले. ते योडोक श्पेकलेबुवा.

माझी पावाची भट्टी त्यांच्या घराला लागूनच. मी आग्नेस. नवरा लीनहार्ट पीठ मळतो आणि बोलत नाही, मी पाव विकते आणि दोघांचंही बोलते. श्पेकलेबुवांच्या घरात थंडी फार, म्हणून पहाटे भट्टी पेटली की ते काखोटीला पुस्तक मारून आमच्याकडे येत आणि पिठाच्या पोत्यांवर बसून मोठ्याने वाचत. ग्रीक, नाहीतर लॅटिन. आम्हाला एक अक्षर कळत नसे. लीनहार्ट म्हणे (वर्षातून एखादं वाक्य तो बोलतो, त्यातलं हे), "ग्रीकने पीठ चांगलं फुगतं."

बुवांचे वडील डुकरं पाळायचे. श्पेकले या नावातच डुकराची चरबी आहे. त्या काळी शिकलेल्या लोकांना आपली आडनावं ग्रीकमध्ये फिरवून घ्यायची हौस होती. कुणी लोहार असला तरी ग्रीक नावाने एकदम सेनापती वाटायचा. बुवांनीही एकदा आपलं आडनाव फिरवून पाहिलं. इतकं लांब झालं की दारावरच्या पाटीत मावेना. त्यांच्या बायकोने, कुनिगुंडबाईंनी, पाटी उतरवून तिचं पिंपाचं झाकण केलं.

"मी डुकराच्या चरबीशी लग्न केलंय," त्या म्हणाल्या, "ग्रीक चरबीशी नाही."

कुनिगुंडबाईही आधी मठातल्याच, पलीकडच्या खोऱ्यातल्या जोगिणींच्या मठातल्या. तिथे त्यांच्याकडे बिअर गाळायचं काम होतं. मठ सुटला, पण येताना त्यांनी तांब्याचा हंडा आणला. गावात कुणी म्हणायचं नवा पंथ खरा, कुणी म्हणायचं जुना खरा. पण त्या हंड्यातल्या बिअरबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

श्पेकलेबुवा मनाने लोण्यासारखे आणि धर्मात कडक. मूर्ती त्यांनी स्वतः शिडीवर चढून उतरवल्या. पोपचं नाव निघालं की त्यांच्या नाकपुड्या फुगत. पण ग्रीक आणि रोमन म्हाताऱ्यांचं नाव निघालं, की हा माणूस आधण आलेल्या भांड्यासारखा खदखदायला लागे. ते सगळे येशूच्या आधी जन्मलेले, मूर्तिपूजक, बैल कापून दगडी देवांना वाहणारे. पण बुवांचं म्हणणं असं, की देवाने शहाणपण पेरलं तेव्हा मूठ जरा सैल धरली होती, त्यामुळे थोडं कुंपणापलीकडेही पडलं.

"तिथे उगवलं म्हणून ते गवत होत नाही, आग्नेसबाई," ते मला म्हणायचे. "गहू तो गहूच."

"मग दळायला आणा," मी म्हणायचे.

रविवारच्या प्रवचनात पवित्र शास्त्राच्या एका वचनामागे दोन तरी ग्रीक येत. कधी एखादा सेनापती, कधी एखादा पिंपात राहणारा फकीर. बायका जांभया देत, पण पुरुषांना लढाया आवडत. गावाला एक शाळा हवी आणि तिथे मुलांना लॅटिन शिकवायला हवं, असं ते दर रविवारी शेवटी सांगत. गाव दर रविवारी मान डोलावून घरी डुकराचं भाजलेलं मांस खायला जाई.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मध्ये गालुस रिंडलिन आला.

गालुस आमचा चांभारकुंडवाला, म्हणजे कातडी कमावणारा. गावाच्या खालच्या टोकाला ओढ्याकाठी त्याची कुंडं. माणूस रेड्यासारखा थोराड, चर्चच्या पंचांपैकी एक, आणि वाऱ्याची दिशा बदलली की तो घरातून निघाल्याचं बेकरीत कळायचं. त्याची आई उर्सेल त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला गेली. उर्सेलआजी म्हणजे काय बाई होती! सत्तरीतही ओढ्यात उभी राहून कातडी धुवायची आणि पाच वर्षांच्या मुलाला माराव्यात तशा गालुसला चारचौघांत टपल्या मारायची. ती गेल्यावर गालुस टोपी हातात घेऊन श्पेकलेबुवांकडे आला आणि म्हणाला, "बुवा, आईसाठी एक मेणबत्ती आणि एक प्रार्थना. जुन्या पद्धतीने. कुणाला सांगणार नाही."

बुवांनी त्याला जवळ बसवलं, बिअर दिली आणि नवा नियम समजावून सांगितला. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही. माणूस गेला की तो देवाच्या हातात. आपण मध्ये शिफारस करणारे कोण? हे सगळं त्यांनी इतकं गोड सांगितलं की गालुसने नियमही गिळला आणि बिअरही. पण नियम काही त्याला पचला नाही. तेव्हापासून तो प्रवचनाला पुढच्या बाकाऐवजी मागच्या बाकावर बसू लागला. पुढच्या बाकावरच्या लोकांना ते बरंच वाटलं.

मग तो मार्चमधला दिवस. बाहेर चिखल गोठलेला. श्पेकलेबुवा पोत्यांवर बसले होते, पुस्तक मिटलेलं, डोळेही मिटलेले. मी परातीत पाव लावत होते आणि ते तोंडातल्या तोंडात, पण चांगलं ऐकू येईल असं, बोलत होते.

"प्रभू, तो अथेन्सचा म्हातारा. तुझं नाव त्याच्या कानावर पडलं नव्हतं, त्यात त्याची काय चूक? खरं बोलला म्हणून विष प्यायला बिचारा. त्याला आत घे असं मी म्हणत नाही. पण अंगणात तरी बसू दे. आणि तो आंधळा कवी, त्याला पायरीपाशी हात दे, पडेल. रोमचा तो वक्ता आहे ना, त्याला गाणाऱ्या देवदूतांच्या जवळ बसवू नकोस. मध्येच बोलेल. त्याला सवय आहे."

माझा हात परातीवरच थांबला. कारण मला वास आला होता.

मी वळून पाहिलं तर दारात गालुस. हातात पावाची टोपली, तोंड उघडं, चेहरा कुंडात आठवडाभर भिजल्यासारखा.

"कोण मेलंय?" त्याने विचारलं.

बुवा दचकून उठले. मांडीवरचं पुस्तक पिठात पडलं. "अरे गालुस! कुणी नाही. म्हणजे, हल्ली कुणी नाही."

"मग हा विष पिऊन मेलेला कोण?"

"तो... दोन हजार वर्षं झाली."

"दोन हजार वर्षं!" गालुसचा आवाज भट्टीतून घुमून परत आला. "माझी आई जाऊन चार महिने नाही झाले, तर म्हणे शिफारस करायची नाही. आणि हा परका माणूस, बैलाची पूजा करणारा, त्याला अंगणात जागा! त्याने कधी तुमच्यासाठी जोड्याला कातडं दिलं होतं? माझ्या आईने दिलं! तुमच्या पायात आहे ते!"

बुवांनी खाली पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. लीनहार्टनेही पाहिलं.

"गालुस, ती प्रार्थना नव्हती," बुवा म्हणाले. "मी नुसती चौकशी करत होतो."

"कुणाकडे?"

बुवा पिठातलं पुस्तक उचलायला वाकले. गालुस पाव न घेताच गेला. टोपलीही विसरला.

दुपारपर्यंत गावच्या हौदावर ही गोष्ट पोचली आणि संध्याकाळपर्यंत तिला शिंगं फुटली. कुणी म्हणालं बुवांनी भट्टीत बैल कापला. कुणी म्हणालं बुवा रात्री चादर पांघरून रोमन होतात. त्या रविवारी गालुस परत पुढच्या बाकावर येऊन बसला. प्रवचन सुरू झालं. बुवांनी कुणाचंही नाव घेतलं की गालुस हात वर करी.

"बुवा, हा आपल्यातला की बैलवाला?"

"हा संत पौल आहे, गालुस."

"बरं. चालू द्या."

थोड्या वेळाने पुन्हा हात. "आणि हा?"

"हा... राजा होता. मासेदोनियाचा."

"बैलवाला," गालुस मागे वळून सगळ्यांना सांगे. आणि लोक, देव त्यांना क्षमा करो, पहिल्यांदाच प्रवचनभर जागे राहिले.

इस्टर झाल्यावर शहरातून तपासणीला दोघे विद्वान आले. नव्या पंथात हे असायचंच. गावोगाव फिरून पाद्री नीट शिकवतो का, लोकांना धर्माची तत्त्वं पाठ आहेत का, ते पाहायचं. एक डॉक्टर सेबाल्ड ग्रिमेल, म्हातारे, बारीक, सुकवलेल्या पेअरसारखे. दुसरे टिलमान फोग्ट, पदवीने माजिस्टर, तरुण, गोरे, बोलताना बोटं नाचवणारे. आल्या आल्या गालुसने त्यांच्यापुढे उभं राहून तक्रार सांगितली: पाद्री मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, आणि मेलेलेही धड आपले नाहीत.

डॉक्टर ग्रिमेलनी डोळे बारीक केले. प्रकरण गंभीर होतं. अशाने पाद्रीपण जातं. मठाच्या जुन्या भोजनशाळेत सुनावणी ठरली. नेमका बाजाराचा दिवस, त्यामुळे सगळं गाव आत आणि सगळी जनावरं बाहेर.

कुनिगुंडबाई सकाळीच माझ्याकडे आल्या. डोळे लाल, पण बाह्या वर सारलेल्या. "आग्नेस, ब्रेत्झेलचे पिळाचे पाव खारट भाज. भरपूर खारट. मी बिअर आणते. तहानलेला न्यायाधीश घाईत असतो, पाजलेला न्यायाधीश दयाळू असतो."

सुनावणी सुरू झाली. डॉक्टर मधल्या खुर्चीवर, माजिस्टर शेजारी, समोर श्पेकलेबुवा आपल्या बऱ्या झग्यात. झग्यावर पीठ होतंच.

"तुम्ही मृतांसाठी प्रार्थना केली?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौकशी केली, महाराज."

"देवाकडे चौकशी करणं यालाच प्रार्थना म्हणतात."

"मग केली," बुवा म्हणाले. खोटं त्यांना बोलता येत नसे, त्यांचे कान लाल व्हायचे. "पण ती मंडळी माझी गुरू आहेत. न्याय म्हणजे काय, मैत्री म्हणजे काय, मरताना कसं हसावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि त्यामुळेच शास्त्र मला जास्त कळलं. ज्यांच्या घरी जेवलो त्यांची आठवण काढू नको का?"

बायकांनी शालींच्या टोकांनी डोळे पुसले. गालुस ओरडला, "माझ्या आईच्या घरी पण जेवलात! कोबी आणि सॉसेज!"

"शांत!" डॉक्टर म्हणाले. "या लोकांचं असं काय वाचता तुम्ही? वाचून दाखवा. त्यात धर्माविरुद्ध काही आहे का ते पाहू."

बुवांनी पुस्तक उघडलं, पीठ फुंकलं, आणि ग्रीकमधली एक ओळ वाचली. आवाज असा लावला की बाहेरचं एक गाढव गप्प झालं. आम्हाला ते छान वाटलं. पण माजिस्टर फोग्ट मात्र दात दुखल्यासारखे कळवळले.

"हे काय 'ई, ई, ई' लावलंय? तिथे 'ए' आहे! ते अक्षर 'ए' असं म्हणायचं!"

डॉक्टर ग्रिमेल सावकाश त्यांच्याकडे वळले. "पाद्री बरोबर वाचतोय. 'ई'च आहे. मी चाळीस वर्षं 'ई' म्हणतोय."

"चाळीस वर्षं चुकताय, महाराज."

कुनिगुंडबाईंनी हळूच दोघांचे पेले भरले.

"माझे गुरू 'ई' म्हणत," डॉक्टर म्हणाले. "त्यांचे गुरू खुद्द ग्रीक होते."

"आजचे ग्रीक! पाठीत वाकलेले, तुर्कांच्या राज्यातले! जुने ग्रीक 'ए' म्हणत, आणि माझ्याकडे पुरावा आहे." माजिस्टर उठून उभे राहिले, बोटं नाचू लागली. "एका जुन्या नाटकात मेंढी ओरडते. तिथे हीच अक्षरं आहेत. माझ्या उच्चाराने वाचलं तर मेंढी म्हणते 'बे, बे'. तुमच्या उच्चाराने वाचलं तर मेंढी म्हणते 'वी, वी'. आता सांगा, जगात कुठली मेंढी 'वी, वी' म्हणते?"

"ग्रीसमधली!" डॉक्टर कडाडले.

"मेंढी ती मेंढीच!"

"मग आणा मेंढी!"

गालुस इतका वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. तो पुढे आला. "मेंढी आणली की निकाल लागेल ना?"

"ताबडतोब," दोघे एकदमच म्हणाले. कुठला निकाल, हे कुणी विचारलं नाही.

गालुस बाहेर धावला आणि बाजारातून एक धष्टपुष्ट मेंढी काखेत मारून घेऊन आला. टेबलासमोर उभी केली. सगळ्या गावाने श्वास रोखला. मेंढी गप्प.

माजिस्टर वाकून म्हणाले, "बे?"

मेंढी गप्प. चारही पाय लटलट कापत होते.

डॉक्टर म्हणाले, "वी?"

काही नाही. मेंढीची नजर गालुसवर खिळलेली. मला पुढे होऊन बोलावं लागलं. "महाराज, रागावू नका, पण गालुसभाऊंच्या अंगावरचा कातडी एप्रन बघा. त्या बिचारीचे नातेवाईक आहेत ते."

"फिर्यादीने बाहेर जावं!" डॉक्टरांनी हुकूम केला.

"पण फिर्याद माझी आहे!"

"साक्षीदार घाबरतोय! बाहेर!"

मग गालुस बाहेर जाऊन खिडकीत उभा राहिला. वारा खिडकीतून आत येत होता, म्हणून त्याला आणखी लांब, हौदापलीकडे पाठवलं. तिथून त्याला काहीच ऐकू येईना, तो ओरडून विचारत राहिला, "लागला का?" आणि आतून सगळे ओरडायचे, "नाही अजून!"

श्पेकलेबुवा आरोपी, पण त्यांना राहवेना. त्यांनी मेंढीच्या हनुवटीखाली हळूच खाजवलं. कुनिगुंडबाईंनी शलगमाचा एक तुकडा तिच्या नाकापुढे धरला आणि मागे घेतला. त्यावर मेंढीने मान वर केली, गावभर एकदा नजर फिरवली आणि लांबलचक, खणखणीत ओरडली, "मेऽऽऽऽ!"

"'ए'!" माजिस्टरांनी उडी मारली. "ऐकलंत? 'ए'!"

"आणि 'ब' कुठाय?" डॉक्टर टेबलावर हात आपटत म्हणाले. "'म' म्हणाली ती, 'म'! तुमचं नाटक खोटं, तुमची मेंढी खोटी!"

"स्वर बघा, व्यंजन काय बघता!"

"अर्धा साक्षीदार मी मानत नाही!"

"ती जर्मन आहे, तिला जेवढं येतं तेवढं म्हणाली!"

हे कुठवर गेलं ते सांगत नाही. डॉक्टरांनी माजिस्टरांना लॅटिनमध्ये काहीतरी म्हटलं, त्यावर आमचे बुवा लाजून लाल झाले, म्हणजे ते चांगलं नसावं. मेंढीने तेवढ्यात डॉक्टरांच्या टोपीचा गोंडा खाल्ला. संध्याकाळच्या आत दोघे दोन वेगळ्या गाड्यांतून, दोन वेगळ्या वेशींतून शहराकडे निघाले. जाताना डॉक्टर ग्रिमेल बुवांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "'ई' सोडू नका, बाळ." निकालाचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

म्हणजे गालुस सोडून कुणाच्याच. तो हौदापलीकडून आला तेव्हा भोजनशाळा रिकामी होती. तो तसाच माझ्याकडे आला आणि पोत्यांवर बसला. मी नाकावरचा हात काढून त्याच्यापुढे गरम पाव ठेवला.

"लागला?" त्याने विचारलं.

"नाही लागला, भाऊ."

तो पाव हातात धरून बसून राहिला. इतका मोठा माणूस, पण त्या वेळी पोत्यांवर ठेवून दिलेल्या पोत्यासारखा दिसत होता. तेवढ्यात बुवा आले. गालुसला पाहून दारातच थांबले, मग येऊन त्याच्या शेजारी बसले. अगदी शेजारी. धाडसच ते.

"गालुस," बुवा म्हणाले, "माझं चुकलं. तुझ्या आईच्या वेळी मला नियम आठवला आणि माझ्या लोकांच्या वेळी मी तो विसरलो. तुला तपासणीवाल्यांना पुन्हा बोलवायचं असेल तर मीच जाऊन बोलावून आणतो."

"ते नकोत," गालुस घाईने म्हणाला. "पुन्हा मेंढी मागतील." मग त्याने विचारलं, "बुवा, खरं सांगा. ती कुठे असेल? आई."

"उर्सेलआजी? अरे, ती तर देवावर विश्वास ठेवून गेली. ती आत असणार. घरात."

"आणि तुमचे ते विष पिणारे?"

"ते बाहेर. अंगणात. तेही मी विचारतो म्हणून, नाहीतर कुठे असतील देव जाणे."

गालुसने हे नीट चावून घेतलं. पाव नाही, बोलणं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उगवायला लागलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "माझी आई आत शेकोटीपाशी. आणि तुमचे ते सगळे शहाणे, पुस्तकं लिहिणारे, बाहेर थंडीत?"

"हो. तसंच म्हणायचं."

"कातडी धुणारी माझी आई आत?"

"पहिल्या खोलीत, गालुस."

गालुस हसायला लागला. पोती हलली, पीठ उडालं. "अहो बुवा, मग तुम्ही उगाच देवाला कशाला त्रास देताय? आईलाच सांगा ना, दार उघड म्हणून!"

बुवा ताडकन उठले. "नाही! नाही, नाही! मेलेल्या माणसाला साकडं घालायचं नाही! ती तर संतांची पूजा झाली! त्या मूर्ती मी कशासाठी उतरवल्या, शिडीवरून पडता पडता?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो. माझी आई आहे."

"मी पाद्री आहे. माझ्यादेखत असं चालणार नाही."

"मग बघू नका."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी लीनहार्टकडे पाहिलं. लीनहार्टने पिठाकडे पाहिलं. मग श्पेकलेबुवा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही कानांत बोटं घातली आणि आपल्या ओळखीचं एक भजन गुणगुणायला लागले, बेसूर, जोरात.

गालुसने टोपी काढली. भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला, जणू आतल्या खोलीत हाक मारायची आहे.

"आई," तो म्हणाला. "मी गालुस. तुझ्या दारात काही म्हातारे उभे आहेत. आपल्यातले नाहीत, पण बुवा म्हणतात माणसं चांगली आहेत. एक विष पिऊन आलाय, त्याला काहीतरी गरम दे. एक आंधळा आहे. एक फार बोलतो, त्याला तू बघून घे. आत घे त्यांना, आई. पाय पुसायला सांग." मग तो भट्टीकडे आणखी वाकला. "आणि तू बरी आहेस ना?"

भजन चालूच होतं. पण मी बाजूने पाहिलं, तर बुवांनी डाव्या कानातलं बोट काढलेलं होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. लीनहार्टनेही सांगितलं नाही, पण तो तसाही बोलत नाही. तरी आठवड्याभरात गावाला कळलं, आणि लोक गालुसच्या कुंडांपाशी रांगेने यायला लागले. त्याची आई आत आहे म्हटल्यावर जो तो निरोप द्यायला लागला. सुताराला बापाकडून करवत कुठे ठेवली ते जाणून घ्यायचं होतं. माळ्याची विधवा तिच्या पहिल्या नवऱ्याला सांगायला आली की दुसरा बरा निघाला. शेवटी कुनिगुंडबाई तिथे गेल्या आणि हंडा ढवळायचा दांडा हातात धरून म्हणाल्या, "उर्सेलआजींनी चाळीस वर्षं काम केलं. आता त्यांना बसू द्या!" त्यानंतर ते थांबलं. दांडा चांगला जाड होता.

गालुसचं मात्र एक नवीनच सुरू झालं. एकदा सकाळी तो येऊन बुवांना म्हणाला, "आईने त्यांना घरात घेतलं असेल तर माणसं कोण आहेत ते मला कळायला हवं. उद्या माझी-तिची भेट झाली की विचारेल, गालुस, कुणालाही कसं पाठवलंस?" म्हणून तो शिकायला बसला. पन्नाशी उलटलेला चांभारकुंडवाला आणि श्पेकलेबुवा, पोत्यांवर शेजारी शेजारी. बुवा अक्षर काढत, गालुस ते पिठात बोटाने गिरवी. त्याची बोटं इतकी जाड की एक अक्षर काढलं की शेजारची दोन पुसायची. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तो लॅटिनमध्ये शिव्या देऊ लागला, आणि तिसऱ्या हिवाळ्यात त्याने पंचांच्या बैठकीत मूठ आपटून सांगितलं की गावात शाळा व्हायलाच हवी. पंच लगेच हो म्हणाले, खिडक्या बंद होत्या.

शाळा मठाच्या भोजनशाळेत भरली. श्पेकलेबुवांनी तिथे नऊ वर्षं शिकवलं. मुलांना मारलं नाही, फक्त कंटाळवलं, आणि तेही प्रेमाने. एका सप्टेंबरात बागेत प्लमच्या झाडाखाली बसल्या बसल्या गेले, टोपलीभर प्लम खाऊन. गावाने त्यांना चर्चच्या दक्षिणेला पुरलं, ऊन येतं त्या बाजूला, आणि त्या दिवशी बिअर कुनिगुंडबाईंनी स्वतःच वाढली, कुणाला हात लावू दिला नाही.

आता मुलींचा वर्ग त्याच घेतात. माझी धाकटी मार्गेरीट जाते. परवा दुकानात शहरातून आलेला एक गृहस्थ उभा होता, पाव दाबून दाबून बघत. माझ्या मुलीने त्याला लॅटिनमध्ये काहीतरी सुनावलं. तो बिचारा टोपी काढून माफी मागून दोन पाव जास्त घेऊन गेला. मी विचारलं, "काय म्हणालीस गं त्याला?"

"काही नाही, आई," ती म्हणाली. "पाव ताजा आहे, एवढंच."

तिचे कान लाल नव्हते, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.